भट्टीतल्या तिसऱ्या

ऑक्टोबर संपेपर्यंत मर्ल पिंकहॅमच्या घरातली ऊब देणारी भट्टी पेटत नसे. तळघरात भट्टी होती, शेजारी तेलाची टाकी होती, टाकीच्या तळाशी थोडं तेलही होतं. पण नोव्हेंबर उजाडायच्या आत जो बटणाला हात लावतो तो कसला पुरुष, असं मर्लचं मत होतं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या किनाऱ्यावर पिकरेल कोव्ह गावातल्या बहुतेक पुरुषांचं हेच मत होतं. सकाळी दुकानात कॉफीला जमलेली मंडळी एकमेकांना "पेटवलीस?" एवढंच विचारत. "छे!" म्हणताना उत्तर देणाऱ्याचे दात वाजले, तरी ते कुणाला ऐकू येत नसत.

पंचवीस ऑक्टोबरच्या सकाळी मर्ल दुकानातून घरी आला, तेव्हा त्याची बायको लॉरेन हातमोजे घालून बटाटे सोलत होती.

"मर्ल, लोण्याला सुरी लागत नाहीये," ती म्हणाली. "करवत आण."

"अजून सहाच दिवस."

"बर्निसचा फोन आला होता."

मर्लने खुर्ची ओढली आणि बसून घेतलं. बर्निस ही लॉरेनची थोरली बहीण. नवरा गेल्यावर, अकरा वर्षांपूर्वी, ती फ्लोरिडाला जाऊन राहिली होती. दर हिवाळ्यात ती बिनबाह्यांच्या पोलक्यात अंगणात बसून फोन करायची आणि मी आत्ता बिनबाह्यांच्या पोलक्यात अंगणात बसलेय, असं सांगायची. मर्लला ती आवडत नव्हती असं नाही. दोन हजार मैलांवरून ती त्याला पुष्कळच आवडायची.

"नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती इकडे येतेय," लॉरेन म्हणाली. "जाताना आपल्या दोघांना घेऊन जाणार. एप्रिलपर्यंत."

"फ्लोरिडाला? मी?" मर्ल खुर्चीतून अर्धा उठला. फ्लोरिडात तळं गोठत नाही. तळं गोठत नाही म्हणजे बर्फाला भोक पाडून, शेजारी पालथ्या घातलेल्या बादलीवर, माशाची वाट पाहत दिवसभर गप्प बसता येत नाही. मग माणसाने हिवाळ्यात जगायचं तरी कशासाठी? "लॉरेन, मी मरेन तिकडे."

"इथे मी मरतेय त्याचं काय? गेल्या हिवाळ्यात घरातल्या तापमानाचा काटा अठ्ठावन्न फॅरनहाइटच्या वर गेला नाही. तीन स्वेटर घालून मी झोपत होते. डॉक्टरने माझा दंड शोधायला पाच मिनिटं घेतली!"

"काटा वर नेतो ना मी. बासष्ट करू."

"सत्तर."

"सत्तर?" मर्ल ओरडलाच. "सत्तरावर लोक अंडी उबवतात!"

"आजपासून थँक्सगिव्हिंगपर्यंत काटा सत्तरावर राहिला, तर फ्लोरिडाचं नाव काढणार नाही. एक दिवस जरी खाली आला, तर बॅगा भरायच्या. आहे कबूल?"

मर्लने कबूल केलं. दुसरा इलाजच नव्हता.

पण सत्तर म्हणजे विकत घेतलेलं तेल नळ उघडून गटारात सोडण्यासारखं होतं. मर्ल हा चमडी जाईल पण दमडी सोडणार नाही, या जातीचा माणूस. तो वाकलेले खिळे सरळ करून ठेवायचा. विचार करत तो बंदरावर गेला, तर तिथे त्याचा मित्र क्लेटन आपल्या टपरीला फळ्या ठोकत होता. क्लेटन उन्हाळाभर प्रवाशांना तळलेल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यांतलं मांस, विकायचा आणि हंगाम संपला की टपरी बंद करायचा. टपरीमागे चार पिंपं उभी होती.

"यात काय आहे रे?" मर्लने विचारलं.

"तळणीचं जुनं तेल. न्यायला येणारा माणूस आलाच नाही. तुला हवंय? फुकट ने."

'फुकट' हा शब्द मर्लच्या कानात देवळाच्या घंटेसारखा वाजला. चाळीस वर्षं त्याने मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली होती. हिवाळ्यात तेलाची गाडी अडकली की गावातले लोक पंपावरचं डिझेल आणून टाकीत ओततात, ज्यांची टाकी बाहेर थंडीत असते ते तेल गोठू नये म्हणून रॉकेल मिसळतात, आणि भट्टी काही तक्रार करत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तेल ते तेल. जे तिसरी तळू शकतं, ते मर्लला का गरम करू शकणार नाही?

लॉरेन चर्चमध्ये गोधड्या शिवायला गेली की मर्ल डबे भरभरून आणी. तळघरात लॉरेनच्या जुन्या, भोकं पडलेल्या मोज्यांतून तेल गाळी, त्यात अर्धं रॉकेल मिसळी आणि टाकीत सोडी. पहिल्या दिवशी बटण दाबताना त्याने डोळे मिटून घेतले होते. भट्टी खोकली, शिंकली आणि मग तिने मस्त सूर धरला. तासाभरात काटा सत्तरावर. लॉरेनने एक स्वेटर काढला, मग दुसरा काढला, आणि ओट्यापाशी उभी राहून ती चक्क गुणगुणू लागली. चाळीस वर्षांच्या संसारात ती ऑक्टोबरात गुणगुणली नव्हती. मर्लला आनंद झाला आणि स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटलं, ते तर आनंदाहूनही जास्त.

चौथ्या दिवशी लॉरेन म्हणाली, "मर्ल, इकडे ये. तोंड उघड."

"का?"

"उघड म्हणते ना!"

तिने वास घेतला. मग त्याच्या सदऱ्याचा घेतला, केसांचा घेतला. भट्टीची गरम हवा जमिनीतल्या जाळ्यांमधून वर यायची, आणि मर्ल भरताना तळघरात जे तेल सांडवत होता त्याचा वासही तिच्याबरोबर घरभर फिरत होता. पण लॉरेनला हे कुठून कळणार? वसंतात डॉक्टरने मर्लला तळलेलं खायची सक्त बंदी केली होती, तेवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

"तळलेल्या तिसऱ्या," ती म्हणाली. "कुठे खाल्ल्यास?"

मर्लपुढे दोन वाटा होत्या. तेलाचं खरं सांगावं, तर लॉरेन त्याच दिवशी टाकी रिकामी करायला लावणार, काटा खाली येणार आणि फ्लोरिडा. नाहीतर न खाल्लेल्या तिसऱ्या खाल्ल्या म्हणून कबूल करायच्या. गुन्हा दुसराच बरा, असं त्याने ठरवलं.

"क्लेटनकडे," तो मान खाली घालून म्हणाला. "एकच पुडा."

"लाज नाही वाटत? तुझं हृदय काय लोखंडाचं आहे?"

त्या दिवसापासून शिक्षा सुरू झाली. सकाळी बिनसाखरेची ओटची पेज आणि संध्याकाळी उकडलेले सलगम. सलगम मर्लला लहानपणापासून बघवत नसत. आणि वास काही जाईना, उलट वाढतच गेला. म्हणजे हा माणूस रोज खातोय, असा लॉरेनचा हिशेब. तिने त्याचे खिसे तपासले, गाडीच्या सीटखाली हात घालून पाहिला, शेवटी क्लेटनला फोन करून असं काही सुनावलं की तो बिचारा दोन दिवस दुकानात फिरकला नाही. मग सकाळच्या पेजेतलं दूधही बंद झालं.

"अजून खातोस ना?" ती रोज विचारायची.

"हं," मर्ल म्हणायचा आणि सलगम गिळायचा.

तोवर बाहेरच्यांनाही पत्ता लागला होता. आधी समुद्रपक्षी आले. धुराड्याभोवती गोल करून पंचवीसतीस पक्षी छपरावर बसायचे आणि धुराड्यात वाकून बघायचे. मग गावातली कुत्री आली. आणि दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता अंगणात नऊ माणसं येऊन उभी राहिली. सगळी चर्चची. दोघांच्या हातात घरून आणलेल्या ताटल्या होत्या.

"आम्हाला वाटलं, यंदा चर्चचं शनिवारचं घेवड्याचं जेवण तुमच्याकडे ठेवलंय," पाद्रीबाईंनी हसून सांगितलं. "घेवड्याऐवजी तिसऱ्या केल्यात ना? वास थेट चर्चपर्यंत येतोय."

आता चर्चच्या माणसांना अंगणातून परत कसं पाठवायचं? लॉरेनने होता नव्हता तो घेवडा शिजवून नऊजणांना वाढला. सगळे जेवले, आभार मानले, आणि जाताना प्रत्येकाने स्वयंपाकघरात एकदा डोकावून पाहिलं. तिसऱ्या यांनी स्वतःसाठी ठेवल्या, हे गावात सोमवारपर्यंत सर्वांना माहीत झालं.

"तुझ्यामुळे!" लॉरेन म्हणाली. "तुझ्या अंगाचा वास आता चर्चपर्यंत जातो!"

खरं संकट मात्र मंगळवारी आलं. आर्मंड तेलाची गाडी घेऊन दारात उभा राहिला. आर्मंडला बोलवावं लागत नसे. थंडी किती पडली त्यावरून कुणाच्या टाकीत किती उरलं असेल याचा तो मनातल्या मनात अंदाज बांधायचा आणि बरोबर वेळेवर यायचा. चौतीस वर्षांत त्याने मर्लची टाकी कधी कोरडी पडू दिली नव्हती. त्याने भिंतीतल्या नळीला पाइप जोडला आणि कान लावला. टाकीत तेल जाऊ लागलं की हवेच्या नळीतून शिट्टी वाजते, आणि शिट्टी थांबली की टाकी भरली, असा त्या धंद्याचा कायदा आहे.

शिट्टी एकदा फुर्र झाली आणि थांबली.

आर्मंडने पाइप सोडवला आणि हळूहळू गुंडाळला.

"टाकी भरलेली आहे," आर्मंड म्हणाला.

"हं."

"मी नाही भरली."

"नाही."

"कोण आहे तो?"

"आर्मंड, तसं काही नाही रे."

"चौतीस वर्षं, मर्ल! वादळात मी चालत आलो होतो पाठीवर डबा घेऊन. माझी बायको जोसेट गेली, त्या आठवड्यातसुद्धा आलो होतो. एकदा तोंडावर सांगायचंस तरी, की आता दुसरा मिळाला."

मर्लने तोंड उघडलं, पण मागे खिडकीत लॉरेन उभी होती. त्याने तोंड मिटलं. आर्मंडने टोपी डोळ्यांपर्यंत ओढली आणि गाडी काढली. दुसऱ्या दिवशी दुकानात मर्लशेजारची आर्मंडची खुर्ची रिकामी राहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मित्र गेला, चर्चमधली अब्रू गेली, घरात सलगम. पण काटा सत्तरावर होता, आणि थँक्सगिव्हिंगला नऊच दिवस उरले होते. मर्लने दात आवळले.

आठ दिवस निघाले. नवव्या दिवशी, गुरुवारी, ऐन थँक्सगिव्हिंगच्या सकाळी, कडाक्याची थंडी पडली. लॉरेनने सहा वाजता टर्की ओव्हनमध्ये ठेवली. आठ वाजता तळघरातून आधी खोकला, मग उचकी, आणि मग काहीच नाही, असा आवाज आला.

मर्ल जिन्यावरून दोनदोन पायऱ्या उतरला. टाकीच्या तळाशी तेल गोठून लापशी झाली होती. त्याने लॉरेनचं केस वाळवायचं यंत्र आणून नळीवर धरलं. नळीवर चापट्या मारल्या. भट्टीला शिव्या दिल्या, मग तिची माफी मागितली. वरून लॉरेनचा आवाज येत होता.

"मर्ल, सदुसष्ट!"

"होतंय, होतंय!"

"मर्ल, त्रेसष्ट!"

दहा वाजता भाड्याची गाडी दारात थांबली. पांढरी पँट आणि पोपटी कोट घातलेली बर्निस आत आली, आणि नाकाचा शेंडा लाल व्हायच्या आत तिने पर्समधून तीन तिकिटं काढून टेबलावर ठेवली.

"सोमवारचं विमान," ती म्हणाली. "लॉरेन, अगं घरात माझ्या तोंडातून वाफ येतेय! हा माणूस अजून तसाच आहे का?"

लॉरेनने काट्याकडे पाहिलं. अठ्ठावन्न. तिने फोन उचलला आणि आर्मंडला बोलावलं.

सणाचा दिवस असूनही आर्मंड आला. टाय बांधलेला होता, हातात हत्यारांची पेटी होती. "मिस्टर पिंकहॅम," त्याने औपचारिक मान लववली. चौतीस वर्षांत तो मर्लला पहिल्यांदाच 'मिस्टर' म्हणाला, आणि ते मर्लला सलगमापेक्षा कडू लागलं. आर्मंड तळघरात गेला. पाच मिनिटांनी तो वर आला आणि त्याने तळहात पुढे केला.

तळहातावर, पिठाच्या सोनेरी आवरणासकट, एक तळलेली तिसरी होती.

"हे टाकीखालच्या गाळणीत सापडलं," तो म्हणाला. "मर्ल, खरं सांग. दुसरा कुणी तेलवाला नाही?"

"नाही रे बाबा. क्लेटनच्या तळणीचं तेल आहे ते. फुकट होतं."

"म्हणजे दुसरा कुणी नाही!" आर्मंडने टायने डोळे पुसले.

लॉरेन तिसरीकडे पाहत होती. मग छताकडे, मग जाळीकडे, मग मर्लकडे. तिचा हिशेब हळूहळू जुळत होता.

"म्हणजे हा वास भट्टीचा होता," ती म्हणाली. "तू खाल्ल्याच नाहीस?"

"एकपण नाही."

"मग चार आठवडे सलगम का खाल्लेस?"

"फ्लोरिडापेक्षा बरे लागले," मर्ल म्हणाला.

लॉरेनने ओठ दाबून धरले, पण ते सुटलेच. ती हसत हसत खुर्चीवर बसली, बसून हसली, पदराने तोंड झाकावं तसं ॲप्रनने झाकून हसली. चाळीस वर्षं आपण ज्याच्याबरोबर काढली, त्या माणसाने घर सोडावं लागू नये म्हणून सलगम गिळले, याचं तिला हसू येत होतं आणि थोडं भरूनही येत होतं. मग तिने डोळे पुसले.

"पण काटा अठ्ठावन्नावर आला, मर्ल. शब्द म्हणजे शब्द. बॅग भर."

मर्लने मान डोलावली. शब्द म्हणजे शब्द, यावर पिकरेल कोव्हमध्ये अपील नसतं.

तेवढ्यात पुन्हा खाली गेलेल्या आर्मंडने तेल फवारणारं नोझल साफ करून, नळी शेकून भट्टी पुन्हा पेटवली. जाळीतून गरम हवेचा झोत आला. बर्निस लहानपणच्या सवयीने कुडकुडत नेमकी जाळीवरच जाऊन उभी राहिली होती. कोट फुगला, आणि तिच्या नाकात तो वास शिरला.

"लॉरेन," ती बारीक आवाजात म्हणाली. "बाबा."

"काय झालं?"

"रविवारी बाबा आपल्याला बंदरावर न्यायचे. एकच पुडा घ्यायचे, सगळ्यांत मिळून. त्यांच्या कोटाला हाच वास यायचा गं." पोपटी कोटावर टपटप पाणी पडू लागलं. "अकरा वर्षं मला हा वास आला नाही. तिकडे सगळं स्वच्छ आहे. कशालाच कसला वास नाही." तिने टेबलावरची तिकिटं उचलली आणि परत पर्समध्ये टाकली. "मी कुठे जात नाही. हिवाळाभर इथेच राहणार. तुम्ही पण जायचं नाही."

मर्लने मनातल्या मनात देवाचे, क्लेटनचे आणि तिसऱ्यांच्या सात पिढ्यांचे आभार मानले. त्या दिवशी त्याला टर्कीचे दोन तुकडे मिळाले, आणि सलगमाचं भांडं त्याच्यापुढून न थांबता पुढे गेलं.

डिसेंबर बरा गेला. म्हणजे पहिला आठवडा बरा गेला. बर्निसला सत्तर पुरेना, तिने काटा अठ्ठ्याहत्तरावर नेला आणि बिनबाह्यांचं पोलकं घालून मर्लच्या खुर्चीत, म्हणजे जाळीशेजारच्या खुर्चीत, बसायला लागली. भट्टीत तेल क्लेटनचंच हवं, हा तिचा हट्ट. मर्लने शुद्ध तेलाचं नाव काढलं की ती बाबांची आठवण काढून रडायची. तिसऱ्यांच्या तेलाने दर दोन दिवसांनी नोझल तुंबायचं, आणि नोझल तुंबलं की आर्मंडला बोलवावं लागायचं. पुढे पुढे नोझल तुंबलं नाही तरी आर्मंड यायला लागला. तो तळघरात पाच मिनिटं असायचा आणि स्वयंपाकघरात दोन तास. बर्निस त्याला भोपळ्याचा केक वाढायची, आणि तो टाय बांधून यायचा. बर्निस बोलायची, आर्मंड ऐकायचा, आणि त्यांच्या पलीकडे घामाने डबडबलेला मर्ल लाकडी स्टुलावर बसून भिंतीकडे पाहायचा. तळ्यावर जावं, तर बर्निसही यायची. तिने बर्फावर दुसरी बादली पालथी घातली होती, आणि तिच्या बोलण्याने मासे तळ्याच्या त्या टोकाला जाऊन राहिले होते.

जानेवारीच्या एका दुपारी मर्ल स्वयंपाकघरात आला. बाहेरच्या खोलीतून बर्निसचं आणि आर्मंडचं हसणं ऐकू येत होतं. मर्लने मागचं दार हळूच लोटून घेतलं.

"लॉरेन," तो म्हणाला, "बर्निसचं ते फ्लोरिडातलं घर आत्ता रिकामंच असेल ना?"

"असेल."

"तिथे भट्टी नाही?"

"नाही."

"आणि आपण दोघंच?"

"आपण दोघंच."

मर्लने टेबलावरचे पावाचे कण एका बाजूला गोळा केले. "किल्ली कुठे असते?"

लॉरेनने हात पुसले. ती झोपायच्या खोलीत गेली आणि पलंगाखालून दोन बॅगा ओढून घेऊन आली. एक त्याची, एक तिची. दोन्ही भरलेल्या, कुलूप लावलेल्या. त्याच्या बॅगेच्या मुठीला बर्निसच्या घराची किल्ली बांधलेली होती.

"ऑक्टोबरपासून भरून ठेवल्यात," ती म्हणाली. "तुझ्या बादलीला मात्र जागा झाली नाही."